तुम्ही चोरी का करत नाही?

बाईंनी आमच्या वर्गाशी पहिली ओळख करून घेतली ती आमचे कान मोजून.

मी बडोद्यात समाजशास्त्रात एम.ए. करत होतो आणि दुसऱ्या वर्षाला गुन्हेशास्त्राचा पेपर घेतला होता. फार विचार करून घेतला होता असं नाही. दुसरा पर्याय संख्याशास्त्राचा होता. वर्गात आम्ही नऊ जण. पहिल्या तासाला बाई आल्या त्या शिंप्याची टेप घेऊन. बुटक्या, जाड चष्मा, फिकी सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नावगाव काही विचारलं नाही. "उभे राहा," म्हणाल्या, आणि एकेकाचे कान, जबडा, पसरलेल्या हातांची लांबी मोजून फळ्यावर आकडे लिहीत गेल्या. आम्ही हसू दाबत उभे. शेवटी त्यांनी टेप माझ्या हातात दिली. "आता मला मोज."

मी भीत भीत मोजलं. मग त्यांनी सांगितलं की एकोणिसाव्या शतकात युरोपात एका डॉक्टरने असं ठरवून टाकलं होतं की गुन्हेगार जन्मालाच तसा येतो आणि तो अंगावरून ओळखता येतो. मोठे कान, पुढे आलेला जबडा, लांब हात. बाई फळ्याकडे बघत राहिल्या. "ह्या मापांनी बघायचं तर खोलीत तुरुंगात टाकण्यासारखी एकच व्यक्ती आहे," त्या म्हणाल्या. "आणि ती तुमचे पेपर तपासणार आहे."

बाई मूळच्या बडोद्याच्या. आजोबा संस्थानच्या न्यायखात्यात होते. त्यामुळे त्यांचं मराठी असं की बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा. पण मधेच एखादा गुजराती शब्द येऊन त्यात आरामात पाय पसरून बसायचा. कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला उद्गार ठरलेला, "एम?" म्हणजे "असं होय?" हा "एम?" त्या इतक्या खऱ्या आश्चर्याने म्हणायच्या की सांगणाऱ्याला वाटायचं, आपण काहीतरी मोठी गोष्ट सांगितली. वासण्याला त्या एकट्या राहायच्या आणि लुनावरून यायच्या. लुना चढावर थकली की उतरून तिच्याशी बोलत बोलत ढकलत न्यायच्या.

वर्गात 'गुन्हेगार' हा शब्द त्यांना चालायचा नाही. कुणी वापरला की लेखणी खाली ठेवायच्या. "गुन्हा केलेला माणूस म्हण. सर्दी झालेल्या माणसाला आपण सर्दीगार म्हणतो का?"

पुस्तकातला सिद्धांत त्या आधी पुस्तकातून कधी शिकवत नसत. त्या काळात अलकापुरीत काचेची मोठमोठी दुकानं नव्याने उघडत होती. एका संध्याकाळी त्यांनी आम्हा नऊ जणांना बुटांच्या एका दुकानासमोर अर्धा तास उभं केलं. आत जायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि मनात काय काय येतं ते लिहायचं. पहिली पाच मिनिटं आम्ही एकमेकांना कोपराने ढोसत होतो. मग मला एक तपकिरी जोडा दिसला. विसाव्या मिनिटाला तो माझा झाला होता आणि दुकानदार तो मला देत नव्हता, म्हणून मला त्याचा रागही आला होता. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने आम्हाला हाकललं. दुसऱ्या दिवशी बाईंनी धडा उघडला: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायचा रस्ता सगळ्यांना देत नाही. मला तो धडा परत वाचावा लागला नाही.

मात्र त्यांचे सगळेच प्रयोग निरुपद्रवी नव्हते. आमच्यात एक अबोल मुलगा होता, वक्तशीर. बाई त्याला रोज म्हणू लागल्या, "या, उशिरा येणारे." तो वेळेवर आलेला असला तरी. आम्ही हसायचो, मग आम्हीही म्हणू लागलो. तिसऱ्या आठवड्यात तो खरोखरच वीस मिनिटं उशिरा आला आणि मागच्या बाकावर बसला. बाईंचा चेहरा उतरला. त्या उठून त्याच्या बाकापाशी गेल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिक्का मारला की माणूस तसा होत जातो, हे मला शिकवायचं होतं. पण त्यासाठी मी तुला वापरलं. चुकलंच माझं." तो मुलगा लाजून खाली बघत राहिला. आम्हीही.

आणि त्यांचा तो प्रश्न. तो सगळ्या विद्यापीठात प्रसिद्ध होता. "लोक चोरी का करतात, हे सगळे विचारतात," त्या म्हणायच्या. "करायला इतकं सोपं असताना बाकीचे का करत नाहीत, ते कोण विचारणार?" ते काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. बँकेतला शिपाई, औषधाच्या दुकानातला माणूस, देवळातले पुजारी, कुणालाही गाठून त्या विचारायच्या, "तुम्ही चोरी का करत नाही?" पुजारी भडकले होते. झेरॉक्सवाला मशीनवरून मान वर न करता म्हणाला होता, "बेन, टाइम ज क्यां छे?" म्हणजे वेळच कुठे आहे. सोनाराच्या पेढीवरचा एक कारागीर म्हणाला होता, "इच्छा रोज होते. पण शेठ सकाळी पहिला कप मला देतो, मग स्वतः घेतो." ही उत्तरं त्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायच्या. ओळखीपाळखीच्या सगळ्या घरांतल्या पत्रिका लग्न झालं की बाईंकडे जमा. कपाटात बुटांची खोकी भरून उत्तरं होती.

"ह्याचं पुस्तक कधी करणार?" मी एकदा विचारलं.

"समजलं की."

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती लघुप्रबंधाच्या वेळी. चोरीत पकडल्या गेलेल्या तीस माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांनी चोरी का केली ते सिद्धांतांशी ताडून बघायचं, असा माझा विषय होता. एकोणीस मुलाखती मी खरोखर घेतल्या. पण त्यात चार महिने गेले. माणसं भेटायची नाहीत. भेटली तर बोलायची नाहीत. बोलली तर "साहेब, जाऊ द्या ना" एवढंच बोलायची. एकाने मला दारातूनच विचारलं होतं, "तुझ्या घरात कुणी केली नाही का कधी? त्याला विचार की." शेवटी तारीख जवळ आली, तशा उरलेल्या अकरा मुलाखती मी मांजलपूरच्या आमच्या घरी बसून तीन दुपारांत लिहून काढल्या. पेनं बदलली. एकावर मुद्दाम चहा सांडला.

आठवड्याभराने बाईंनी वासण्याला बोलावलं. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबलं भिंतीला सरकवून त्यांनी सगळे तीस कागद फरशीवर मांडले होते आणि स्वतः मधे बसल्या होत्या.

"बस," म्हणाल्या. मग एकेक कागद उचलून त्या डाव्या बाजूला ठेवू लागल्या. दहा कागद झाले. सगळे मी मनाने रचलेले.

"ह्या दहा जणांनी फार शहाण्यासारखी चोरी केलीये," त्या म्हणाल्या. "हा गरिबीमुळे करतो, हा संगतीमुळे, हा बापाने मारलं म्हणून. धडा तिसरा, धडा पाचवा, धडा सातवा. माणसं पुस्तक वाचून चोरी करत नाहीत रे. खऱ्या माणसाचं कारण इतकं नीट नसतं."

माझे कान तापले. पण त्याच वेळी मनात मोजणी चालू होती. मी अकरा लिहिल्या होत्या. बाईंनी दहाच पकडल्या होत्या.

अकरावा कागद त्यांनी स्वतःच उचलला, खऱ्यांच्या बाजूचा. "आणि हा बघ. ह्याच्यासाठी मला तुझ्यावर नीट रागावताही येत नाहीये. कारखान्यातला स्टोअरकीपर. पगार बरा, व्यसन नाही, कर्ज नाही. एक पितळी व्हॉल्व्ह पिशवीतून घरी आणला. विकला नाही, गच्चीवरच्या टाकीला बसवला. का आणला विचारलं, तर काय म्हणतो? 'रोज रिकाम्या हाताने घरी यायचा कंटाळा आला होता.'" बाईंनी चष्मा काढला. "हे माझ्या एकाही पुस्तकात बसत नाही. मला ह्या माणसाला भेटायचंय."

गप्प बसलो असतो तर दहावरच निभावलं असतं.

"तोही खोटा आहे, बाई," मी म्हणालो.

"एम?" पण ह्या वेळी त्यांचा विश्वास बसला नव्हता. "हे तुला सुचणार नाही. हे वाक्य कुणीतरी बोललंय."

"माझे बाबा बोललेत."

मी आठवीत असताना ते वाक्य ऐकलं होतं. आईने स्वयंपाकघरात हळू आवाजात त्यांना विचारलं होतं, आणि मी बाहेर अभ्यासाचं पुस्तक धरून बसलो होतो. बाबा जळगावकडचे. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. त्या व्हॉल्व्हबद्दल घरात त्यानंतर कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. टाकीचं पाणी मात्र रोज त्यातूनच यायचं.

बाईंनी विचारलं, "लिहायच्या आधी त्यांना विचारलं होतंस?"

"नाही."

"मग हे दहा खोटे आहेत आणि ही चोरी आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी हात लांब करून खोक्यातली एक लग्नपत्रिका घेतली, उलटी केली. "का केलीस?"

मी खूप विचार केला. "माहीत नाही," म्हणालो.

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग शिक्षा सांगितली. दहा मुलाखती नव्याने घ्यायच्या, त्यात सहा महिने जातील ते जाऊ द्यायचे. "आणि हा अकरावा कागद ज्याचा आहे त्याला नेऊन दे."

पहिली शिक्षा मी लगेच भोगायला घेतली. दुसरी जमेना. कागद घडी करून मी दप्तरात ठेवला. दर सोमवारी बाई विद्यापीठाच्या जिन्यात विचारायच्या, "दिलास?" मी नकारार्थी मान हलवायचो. दोन महिन्यांनी मी सोमवारी जिनाच टाळायला लागलो.

मग एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत लुना येऊन थांबली. आईची धांदल उडाली. तिने पोहे टाकले, वर शेव भुरभुरली, आणि "बाईंना आधी सांगायचं नाही का रे," असं मला चार वेळा म्हणाली. बाबा बनियनवर शर्ट चढवून आले. बाईंबद्दल मी घरी इतकं सांगितलेलं होतं की बाबा त्यांना बघायला उत्सुकच होते.

बाई खूप बोलल्या. पोह्यांबद्दल, जळगावच्या केळ्यांबद्दल, लुनाबद्दल. तो प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही. बाबा वाट बघत होते. चहा झाल्यावर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणे भेटेल त्याला विचारता, चोरी का करत नाही म्हणून. मला नाही विचारलंत?"

"तुम्हाला नाही विचारणार."

"का बरं?"

बाई गप्प राहिल्या. असं गप्प त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. बाबांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, दप्तरातला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

बाबा तो उभ्यानेच वाचू लागले. आई बश्या हातात घेऊन दारात थांबली. एक पान वाचायला त्यांनी किती वेळ लावला! मला वाटलं, आता फाडतील, नाहीतर थोबाडीत देतील. त्यांनी कागद खाली केला.

"पिशवी नव्हती रे," ते म्हणाले. "डबा होता. पिशवी गेटवर बघायचे."

मग ते खाली बसले आणि मला माहीत नसलेलं सगळं त्यांनी सांगितलं. व्हॉल्व्ह गेल्याचं पुढच्या महिन्याच्या मोजणीत उघडकीला आलं होतं. संशय गेटवरच्या चौकीदारावर गेला, कारण त्या महिन्यात त्याचीच पाळी होती. शनाभाई त्याचं नाव, वाघोडियाजवळच्याच गावचा. त्याला काढून टाकलं. बाबा त्या खोलीत हजर होते, आणि काही बोलले नव्हते. शनाभाईने पुढे चौकात चहाची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली. दर दिवाळीला बाबा त्याच्या घरी मिठाईचा पुडा नेऊन द्यायचे.

"त्यांना माहीत आहे?" बाईंनी विचारलं. कागद-पेन त्यांनी काढलं नव्हतं.

"मी कधी विचारलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही, पुडा कशाबद्दल."

पुढच्या रविवारी बाबा मला स्कूटरवर मागे बसवून वाघोडियाला घेऊन गेले. लारीवर गर्दी नव्हती. "बेसो, साहेब," म्हणत शनाभाईने बाकडं पुसलं. बाबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच, शाळेत पाठ म्हणावा तसं, त्यांनी सांगून टाकलं.

शनाभाई उकळत्या चहाकडे बघत होता. तो उतू जायला आला तेव्हा त्याने आच कमी केली.

"मने खबर हती," तो म्हणाला. त्याला माहीत होतं. "रोज तुम्ही डबा न मागता उघडून दाखवायचात. त्या दिवशी दाखवला नाहीत. जाताना डबा माझ्या गुडघ्याला लागला. जड होता."

"मग बोलला का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला विचारायची लाज वाटली."

ते सगळं मी सोमवारी बाईंना सांगितलं. त्या जिन्यातच पायरीवर बसल्या. मुलं वळसा घालून जात होती. "लाज वाटली," त्या दोनदा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी चोरी करणाऱ्यांबद्दल शिकवते, न करणाऱ्यांना प्रश्न विचारते. ज्याने दुसऱ्याची चोरी अंगावर घेऊन तोंड मिटलं, त्याला विचारायचं मला सुचलंच नाही."

दोन दिवसांनी त्या माझ्याबरोबर एस.टी.ने वाघोडियाला आल्या. शनाभाईला त्यांनी विचारलं की तुमची हकिगत ह्या मुलाच्या अभ्यासात लिहिली तर चालेल का. त्याला फार आनंद झाला. "लिहा. माझं नावही लिहा."

"नाव घालता येत नाही, शनाभाई. नियम आहे."

त्याचा आनंद तिथेच मावळला. तो कपबश्या धूत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "गावात लग्न असलं की मला पाणी वाढायला सांगतात, पत्रावळ्या उचलायला सांगतात. पण भांडी नि मिठाई ठेवलेल्या खोलीत जाऊ देत नाहीत. माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नातही नाही. नाव नसेल तर त्या लिहिण्याचा मला काय उपयोग?"

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मांजलपूरला त्या माझ्याबरोबर उतरल्या, घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "त्याला पुस्तकातली हकिगत नकोय, कागद हवाय. सही तुमची लागेल. करायची की नाही ते तुम्ही ठरवा."

"आणा," बाबा म्हणाले.

विद्यापीठाचा कागद बाईंनी वापरला नाही. तीही चोरीच होईल, म्हणाल्या. जाड पांढऱ्या कागदावर त्यांनी आपल्या सुरेख गुजरातीत चार ओळी लिहिल्या: तो व्हॉल्व्ह शनाभाईने घेतला नव्हता, मी घेतला होता, आणि तो निर्दोष आहे हे ठाऊक असून मी गप्प राहिलो. खाली बाबांची सही, साक्षीदार म्हणून बाईंची. शनाभाईने तो कागद काचेच्या चौकटीत बसवला आणि लारीवर देवांच्या शेजारी टांगला. त्या वर्षी देवदिवाळीनंतरच्या लग्नांत त्याला गावाने भांडाराच्या दाराशी खुर्ची टाकून बसवलं. किल्ल्या कनवटीला लावून तो तीन दिवस तिथून हलला नाही, असं त्याने मला स्वतः सांगितलं.

पण त्या लारीवर कारखान्यातलीच माणसं चहा प्यायची. आठ दिवसांत गोष्ट वर पोचली. बाबांना बोलावणं आलं. आरडाओरडा झाला नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, राजीनामा द्या म्हणाले. बाबांनी दिला. घरी येऊन टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवायची त्यांची सवय होती, त्या दिवशी ठेवायला काही नव्हतं. पुढे ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागले, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरे झोपायला लागले.

माझा लघुप्रबंध सहा महिने उशिरा गेला. स्टोअरकीपरची केस मी बाबांना विचारून त्यात ठेवली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती केस काढून टाका म्हणून सुचवलं, कारण ती कुठल्याच चौकटीत बसत नव्हती. बाई म्हणाल्या, "चौकट काढा." मला दुसरा वर्ग मिळाला.

आईने मात्र बाईंचं नाव टाकलं होतं. मी घरी त्यांचा विषय काढला की ती उठून जायची. एकदाच बोलली: "त्या बाईंच्या अभ्यासापायी माझ्या घरातली नोकरी गेली." मी ते बाईंना सांगायला नको होतं, पण सांगितलं.

थंडीचे दिवस होते. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी दार उघडलं तर बाहेर बाई. त्या सरळ आत गेल्या, बूट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढले, आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मी तो कागद लिहिला तेव्हा शनाभाईचा विचार केला, तुमच्या यजमानांचाही केला. पुढे ह्या घराचं काय होईल ह्याचा केला नाही. तुमची माफी मागायला आलेय."

आईने वर पाहिलं नाही. दोन-तीन शेंगा सोलल्या.

"तुम्ही सगळ्या गावाला विचारत फिरता," ती म्हणाली. "ह्या घरात आम्ही तीन माणसं. दोघांना विचारलंत."

भिंतीचा आधार घेत बाई आईसमोर खाली बसल्या. गुडघे दुखत असावेत, बसायला वेळ लागला. त्यांनी ढिगातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला लागल्या.

"सांगा," म्हणाल्या.

आईने हातातली शेंग सोलली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा बाहेर."

मी दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसलो. आतून आधी नुसता शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. मग आईचा आवाज सुरू झाला, हळू, मग नेहमीसारखा. शब्द कळत नव्हते. बाईंचा एकही "एम?" ऐकू आला नाही. बाबा एक दुरुस्त केलेली मोटार पोचवून आले, स्कूटर लावून माझ्या शेजारी बसले. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आत जायला ते उठले, आईचा आवाज ऐकून थांबले आणि पुन्हा खाली बसले. सोसायटीतल्या घरांत दिवे लागले तरी आई बोलतच होती.